अर्धा राहिलेला धवला

पारू गेली तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर भरभरून लिहिलं. नाचगाण्याच्या सिनेमांची राणी, पडद्यावरचं प्रसन्न हसू, अमुक आणि तमुक. ते सगळं मी चहाबरोबर वाचलं आणि ठीक आहे म्हटलं. पण एकानं लिहिलं होतं की हिरा स्वभावानं अत्यंत क्षमाशील होती, तिच्या मनात कुणाविषयी अढी नव्हती. तिथं मला ठसका लागला. अढी नव्हती! अहो, आंबेवाल्याकडे नसतील एवढ्या अढ्या त्या बाईच्या मनात होत्या, आणि प्रत्येकीवर ती रोज हात फिरवून बघायची, पिकलं का म्हणून.

लिहिणारा तिला कधी भेटला नसावा. मी तिच्या शेजारच्या घरात वाढले. आमच्या दोन घरांमध्ये कारवीचा एक कूड होता, त्यातून तिकडची फोडणी इकडे यायची आणि इकडची भांडणं तिकडे जायची. पुढे मी शाळेत मास्तरीण झाले, गावातच राहिले, आणि ती जिथे गेली तिथे गेली. पण उरणला आली की माझ्याकडे उतरायची. तेव्हा मी सांगते ते खरं धरा. पारूनं आयुष्यात कुणाला माफ केलं नाही, आणि मला तिच्यात सगळ्यात जास्त आवडायचं ते हेच.

हिरा हे तिचं पडद्यावरचं नाव. खरं तर ते तिच्या आईचं. आईचं नाव लेकीला का लागलं, ते पुढे येईल. आधी आई सांगायला हवी.

आमचं गाव उरणजवळ, खाडीला लागून. आता तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले दिसतात, तेव्हा मिठाचे ढीग असायचे. हिरामावशी मिठागरावर कामाला जायची आणि पारू तिच्या मागे. हंगामाच्या सुरुवातीला मिठाच्या कोंड्यांचा, म्हणजे खाडीचं पाणी अडवायच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. तळ मऊ राहिला तर चिखल मिठात येतो आणि मीठ काळं निघतं. बायका एका रांगेत उभ्या राहायच्या, हात कमरेवर, आणि टाच, चवडा, टाच, चवडा करत सगळ्या एकदम पुढे सरकायच्या. हिरामावशी गाणं सांगायची, बाकीच्या ओढायच्या. पारू शेवटच्या टोकाला असायची आणि मुद्दाम मधलीच एक टाच गाळून पुढची जोरात मारायची. चिखल सगळ्यांच्या लुगड्यांवर. शिव्या खायची, पण ठेका कधी चुकायचा नाही.

पुढे ज्या पावलासाठी लोक एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला जात, ते हेच पाऊल. मुंबईतल्या नाचाच्या मास्तरांनी त्याला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं आणि ते आपणच बसवलं असं मुलाखतीत सांगितलं होतं. पारूनं ती मुलाखत वाचली, घडी केली आणि म्हणाली, "मी इसरत न्हाय सुले, मी ठेवतंय."

हे तिचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ती कधी चिडलेली नसायची. उलट पापड डब्यात भरून झाकण लावल्यावर बाईचा चेहरा होतो तसा तिचा व्हायचा.

तर हिरामावशी. ती मिठागरावर मजूर होती हे खरं, पण गावात तिला मान होता तो धवलारीण म्हणून. आमच्या आगरी लग्नात भटजी नंतर येतो, आधी धवलारीण लागते. हळदीच्या दिवशी मांडवात पाटावर बसून ती धवला गाते. गाण्यातून देव बोलावते, वेशीवरची देवी बोलावते, त्या घरातली गेलेली माणसं एकेक नाव घेऊन बोलावते. ती सगळी येऊन मांडवात बसतात, आणि कार्य उरकलं की तिनंच गाण्यातून त्यांना पोटभर जेवलात, आता उठा, असं म्हणून घरी पाठवायचं. तिला घरच्या सगळ्यात मोठ्या बाईनं स्वतः जाऊन, हातात अक्षता देऊन आवतण द्यावं लागतं. आवतणाशिवाय हिरामावशी कुणाच्या मांडवाकडे बघायचीही नाही. धवला घरात गुणगुणायचीही नाही. पारूला तिनं तो शिकवला तोसुद्धा आसपास घर नसलेल्या बांधावर नेऊन.

पारू नाचायला लागली गणपतीतल्या कार्यक्रमांत. उरणला एका मंडपात तिला मुंबईच्या एका नाचाच्या मास्तरांनी पाहिलं. वर म्हटलं ते हेच. त्यांना सिनेमासाठी मागच्या रांगेत नाचायला मुली हव्या होत्या. घरी विचारायला आले तेव्हा हिरामावशी मीठ पाखडत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "पोटभर जेवाला घालाल?" ते म्हणाले, घालू. "रात्रीचा काम करवाल?" ते म्हणाले, नाही. "मंग न्या," म्हणाली. मोऱ्याच्या धक्क्यावर लाँच सुटताना तिनं पारूच्या हातात एक बारकी पत्र्याची डबी दिली, तंबाखूची असते तसली, आत खडेमीठ. म्हणाली, "कुनाच्या घरी जेवलीस तं आपला मीठ घाल. दुसऱ्याच्या मिठाला जागत बसाची पाली नको."

ती डबी पारूनं मरेपर्यंत वापरली. मोठमोठ्या बंगल्यांत जेवायला बसली की आधी डबी निघायची. यजमानीणबाई विचारायच्या, काय हो, आळणी झालंय का? पारू गोड हसून म्हणायची, नाही नाही, छान झालंय, आणि वरून खडे टाकायची.

पहिला सिनेमा उरणच्या टॉकीजला लागला तेव्हा अख्खं गाव बैलगाड्या जुंपून गेलं. पारू मागच्या रांगेत होती, निम्मा वेळ खांबाआड. पण अंगावरचे कपडे गावच्या मानानं कमी होते, आणि तेवढं खांबाआडूनही दिसलं. आमच्या पुढच्या बाकावर यशोदाकाकी होती. यशोदाकाकी म्हणजे पाटलांची सून, मिठागरावरच्या मुकादमाची बायको. गावातली निम्मी माणसं तिच्या नवऱ्याच्या हाताखाली होती आणि उरलेली तिच्या जिभेखाली. मध्यंतरात ती काही बोलली नाही. तेव्हाच मला भीती वाटायला हवी होती.

त्याच उन्हाळ्यात काकीच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं. काकीनं स्वतः येऊन हिरामावशीच्या हातात अक्षता दिल्या. हळदीच्या दिवशी सकाळी मावशी पाटावर बसली. मी आणि पारू मागे होतो. पारू खास त्यासाठी लाँचनं आली होती. मावशीनं देव बोलावले, वेशीवरची बोलावली. मग पाटलांच्या घरातले गेलेले एकेक. काकीच्या सासऱ्याचं नाव घेतलं, सासूचं घेतलं, काकीच्या पाळण्यातच गेलेल्या एका मुलाचंही घेतलं. आणि तेवढ्यात काकी मांडवात आली, सगळ्यांच्या देखत मावशीच्या दंडाला धरून तिला पाटावरून उठवलं.

"बस जाला," म्हणाली. "जिची पोर उघडी मांडी दाखवून नाचतंय तिच्या तोंडान माज्या घरचे देव नको."

आवतण द्यायच्या आधी नाही सुचलं तिला हे. मला आजही वाटतं, मुद्दाम थांबली होती. घरात जाऊन नको म्हटलं असतं तर पाच जणींनी ऐकलं असतं. मांडवात अख्ख्या गावानं बघितलं. मावशी उठली. बाहेर पडताना दारात वळून म्हणाली, "यसोदे, त्यांना पाठवाचा रायला गो." काकीनं तिच्याकडे पाठ केली आणि बँडवाल्याला खूण केली.

त्यानंतर आमच्या गावात हिरामावशीला कुणी आवतण दिलं नाही. शेजारच्या गावांतही नाही, कारण पाटलांशी वाकडं कोण घेणार. बाई गप्प झाली. मिठागरावर कोंडी तुडवतानाही गायची नाही. पण तिला स्वतःच्या अपमानापेक्षा वेगळीच गोष्ट खात होती. ती माझ्या आईला म्हणायची, "मी बोलावलेली मानसा तशीच बसलीत गो पाटलांच्या मांडवान. कोन म्हनतंय ऊठ? तेवढासा पोर पन हाय त्यांच्यात." दुसऱ्या कुठल्या धवलारणीला ते करता येत नव्हतं. ज्या तोंडानं बोलावलं त्याच तोंडानं पाठवायचं, नाहीतर त्या तोंडानं ज्याला शिकवलं त्यानं.

मरायला टेकली तेव्हा तिनं पारूला जवळ घेऊन तेवढंच सांगितलं. "तेवढा पुरा कर."

"त्यांच्या दारान मी जानार न्हाय," पारू म्हणाली.

"आवतनाबिगर जावाचाच न्हाय," मावशी म्हणाली. "ती येल. तिला येवाला लाव."

आता तुम्ही मला सांगा, गावच्या पाटलिणीनं नाचणाऱ्या पोरीच्या हातात अक्षता द्याव्यात असं व्हायचं तर त्या पोरीनं केवढं व्हायला हवं? पारू तेवढी झाली. लोक तिच्या यशाची कारणं सांगतात, मेहनत म्हणतात, नशीब म्हणतात. मेहनत होतीच. पाय सुजेपर्यंत नाचायची. पण सुजलेले पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसली की तोंडानं काय म्हणायची ते मी ऐकलेलं आहे. "यसोदाकाकी, ये गो ये."

मागच्या रांगेतून पुढच्या रांगेत आली, पुढच्या रांगेतून नायिकेच्या शेजारी. मग एका निर्मात्यानं तिला मुख्य काम दिलं आणि म्हणाला, पारू नाव चालणार नाही, काहीतरी चमकदार हवं. त्यानं चार-पाच नावं पुढे केली. पारू म्हणाली, "हिरा लावा." तो खूश झाला, वा, चमकदारच आहे म्हणाला. त्याला काय माहीत.

महिन्याभरात उरणच्या रस्त्यावर भिंतीभिंतींवर हिरा लागली. पोस्टर चिकटवणाऱ्याला पारूनं एक भिंत खास दाखवून ठेवली होती, पाटलांच्या आवारासमोरची. ज्या बाईचं नाव त्या घरात घ्यायचं नाही असं ठरलं होतं तिचं नाव काकीनं दार उघडलं की समोर, घमेल्याएवढ्या अक्षरांत. काकीच्या गड्यानं ते खरवडलं. सिनेमा चालला होता, दुसऱ्या दिवशी नवीन लागलं. शेवटी गडी कंटाळला.

तिच्या रागाला एक शिस्त होती. आपल्याला लागलं त्याच जागी ती समोरच्याला लावायची, दुसरीकडे नाही. सुरुवातीच्या दिवसांतली एक नायिका होती, नाव नको. ती हिला सगळ्यांसमोर "ए मिठवाली" म्हणून हाक मारायची आणि हिचं पाऊल चुकलं, असं सांगून अख्ख्या रांगेला उन्हात पुन्हा पुन्हा नाचवायची. पुढे दिवस फिरले. पारू नायिका आणि ती बाई सिनेमात तिची आई, आरतीचं ताट हातात घेऊन अंगणात उभी. त्या दिवशी मी तिथे होते, सुट्टी होती म्हणून बघायला गेले होते. आयुष्यात कधी पाऊल न चुकलेली पारू त्या दिवशी चुकत राहिली. "माफ करा हं, पुन्हा घेऊ या." ऊन चढलं. बाईच्या हातातलं ताट कलंडायला लागलं, निरांजन दोनदा विझलं. जेवणाच्या सुट्टीत पारू तिच्याजवळ गेली, डबी उघडून पुढे धरली आणि म्हणाली, "मिठवालीचं मीठ घ्या थोडं. घाम फार गेलाय तुमचा." बाईनं घेतलं. त्यानंतर पारूचं पाऊल चुकलं नाही, आणि ती बाई जिवंत असेपर्यंत तिच्या दुखण्याखुपण्याला पारूच धावली. हिशेब मिटला की ती अशी मोकळी व्हायची. मिटेपर्यंत मात्र नाही.

काकीचा मिटत नव्हता. वर्षं गेली. मिठागरं बुजली, बंदर आलं. पाटलांनी ट्रेलर घेतले, कौलारू घर पाडून त्याच जागी बंगला बांधला. त्या घरात पुढे लग्नं झाली ती भटजी आणि डीजेवर. धवलारणीची आठवण कुणी काढली नाही. पारू पडद्यावरून उतरली, मग टीव्हीवर नाचणाऱ्या पोरांना गुण द्यायला बसायला लागली आणि नव्या पिढीलाही तोंडपाठ झाली. लोक म्हणायचे, या वयात कशाला दगदग करते. मला माहीत होतं कशाला.

गेल्या वर्षी ती माझ्याकडे राहायला आलेली असताना दुपारी दारात गाडी थांबली. यशोदाकाकी उतरली. पार वाकलेली, एका हातात काठी, दुसरा हात नातवाच्या खांद्यावर. नातवाचं लग्न होतं. हळद जुन्या पद्धतीनं करायची, धवला बसवायचा, आणि तो गावच्याच नटीनं गायचा, अशी टूम पोरांनी काढली होती. नातू म्हणाला, "मॅडम, फुल ट्रॅडिशनल ठेवलाय. व्हिडिओ एकदम भारी जाईल." काकीला यायचं नसावं, पण नातवापुढे म्हातारीचं काय चालतं.

पारू खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "काकी, मी नटी म्हनून येऊ का धवलारीन म्हनून?"

काकी जमिनीकडे बघत म्हणाली, "धवलारीन म्हनून."

"माज्या आयच्या पाटावर?"

"व्हय."

"मंग अक्षता द्या."

काकीनं कनवटीची पुडी सोडली. चार दाणे खाली सांडले. पारूनं ते खाली वाकून एकेक करून उचलले आणि मुठीत घेतले. मला वाटलं, झालं, विरघळली. मीही थोडी विरघळले, खोटं कशाला बोलू.

हळदीला बंगल्याचं अंगण माणसांनी भरलं होतं. एका बाजूला डीजेची खोकी, दुसऱ्या बाजूला मोबाइल वर धरलेली पोरं. पारू साधं हिरवं नऊवारी नेसून आली. पाणी दिलं, घेतलं नाही. चहा दिला, घेतला नाही. पाटावर बसली, डोळे मिटले आणि गायला लागली. इतक्या वर्षांनी तो सूर मी ऐकला, आणि तो हुबेहूब मावशीचा होता. "बसलात ते उठा जी, आलात ते जावा जी."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. ही सुरुवात नव्हती. हा शेवट होता.

देव उठवले, वेशीवरची उठवली. मग काकीचा सासरा, सासू, एकेकाला नाव घेऊन वाट दाखवली. पोरं खूश, कुणीतरी शिटीसुद्धा वाजवली. अख्ख्या मांडवात ते ओळखणाऱ्या चार म्हाताऱ्या होत्या आणि त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काकी काठी टाकून पुढे आली.

"गो पारू, ह्या तं पाठवनीचा हाय! अजून बोलावले कुठं हायत?"

पारूनं हातानं थांब म्हटलं. शेवटचं नाव राहिलं होतं, पाळण्यातल्या मुलाचं. ते तिनं फार सावकाश घेतलं. मग पारू थांबली आणि म्हणाली, "बोलावले व्हते काकी. माज्या आयनी. तुमी तिला मधीच उठवलात. तवापासून बसले व्हते, आज गेले."

"मंग आता परत बोलव. पोराचा कार्य हाय."

"आवतन एका धवल्याचा व्हता. तो पुरा जाला." ती पाटावरून उठली, कुणी दंडाला धरायच्या आधी, आपली आपण.

"माजा मांडव रिकामा ठेवतंस?" काकी ओरडली. म्हातारीचा आवाज फुटला होता.

"डीजे हाय ना," पारू म्हणाली आणि चपला घातल्या.

टाळ्या पडल्या. नातवानं वाकून नमस्कार केला, वन्स मोअर म्हणाला. त्याला काही कळलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. काकी त्या रिकाम्या पाटाशी बसून राहिली. मला तिची दया यायला हवी होती, असं लोक म्हणतील. मला नाही आली. मला हिरामावशी आठवत होती, मीठ पाखडणारी, तोंड मिटलेली.

रिक्षात मी फक्त एवढं विचारलं, त्या नवरीचा काय दोष? पारू म्हणाली, "तिच्या आयशीच्या घरी तिचा धवला जालाय, मी इचारून घेतला. तिचे देव तिच्यासंगती येतील. मी यांचे पाठवले."

लाँचसाठी मोऱ्याच्या धक्क्याकडे जायच्या आधी तिनं रिक्षा कंटेनरच्या आवाराशी थांबवायला लावली. तिथे आमच्या दोघींची जुनी घरं होती, आता तारेचं कुंपण आहे. चौकीदार हटकायला आला आणि तिला ओळखून मागे झाला. ती तारेला हात लावून उभी राहिली. तिची माझ्याकडे पाठ होती. त्यानंतर ती मला पुन्हा दिसली नाही, पावसाळ्यात गेली. म्हणून मला ती अजून तशीच दिसते, हिरव्या नऊवारीत, एक टाच जमिनीवर हलकेच आपटत.

"आये," ती तारेपलीकडे म्हणाली, "सगल्यांना पाठवला गो. त्या बारक्यालाही. आता तू गा."